जरा सरकून घ्या

अहंकार घालवायचा असेल तर माणसाने हिमालयात जावं, असं आपल्याकडे फार पूर्वीपासून सांगतात. मला त्यात एक अडचण दिसते. हिमालयात जागा फार. तिथे अहंकार ऐसपैस मांडी घालून बसला, तर त्याला ‘ऊठ’ म्हणणारं कोणी नाही. त्यापेक्षा सकाळी आठच्या सुमाराची डोंबिवलीची फास्ट लोकल बरी. तिथे मांडी घालण्याचा प्रश्नच येत नाही. नाकाला खाज सुटली तर हात वर काढायला कुर्ल्यापर्यंत थांबावं लागतं, आणि तोवर खाज आपण होऊन निघून गेलेली असते. देहभान विसरण्याचे इतर मार्ग महाग आहेत. हा मासिक पासात बसतो.

लोकलचा इतिहास मात्र मोकळ्या जागेपासून सुरू होतो. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली, तेव्हा १४ डब्यांत सुमारे ४०० निमंत्रित होते. म्हणजे डब्यामागे तिसाहून कमी माणसं. वर २१ तोफांची सलामी. गाडीला साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं जोडलेली. नावांवरूनच कळतं की अहंकाराला तेव्हा भरपूर जागा होती. त्या गाडीत कुणी कुणाला ‘जरा सरकून घ्या’ म्हटलं नसणार. आज गर्दीच्या वेळी उभ्याने जाणारी माणसं दर चौरस मीटरला १४ ते १६ असतात. इतक्या गर्दीला नेहमीची विशेषणं पुरेनात, म्हणून रेल्वेला ‘सुपर डेन्स क्रश लोड’ अशी खास संज्ञा वापरावी लागते. घरी खडूने मीटरभर लांबीरुंदीचा चौकोन आखून बघा आणि त्यात घरातल्या सगळ्यांना उभं करा. चौघांचं कुटुंब असेल तर पाचव्या मिनिटाला जुनी भांडणं निघतील. आम्ही त्या चौकोनात चौदा परक्या बायका रोज तासभर उभ्या असतो आणि उतरताना एकमेकींच्या ओढण्या सोडवून देतो.

याचा अर्थ आम्ही सगळ्या थोर आहोत असा नाही. फलाटावर उभी असलेली बाई समतावादी असते, हे मान्य. गाडी येते आणि दारात लटकणाऱ्यांना ती पोटतिडकीने सांगते, ‘अहो, आत सरका ना, मधे केवढी जागा आहे! आम्हालाही कामावर जायचंय!’ तिचं म्हणणं खरं असतं. ती चढते. पुढे ठाणं येतं, फलाटावरची दुसरी बाई तेच वाक्य त्याच सुरात म्हणते, आणि आपली समतावादी आतून ओरडते, ‘जागा नाहीये हो! मागून रिकामी गाडी येतेय!’ मागची गाडी रिकामी असल्याची बातमी तिला कुणी दिली, देव जाणे. डोंबिवली ते ठाणे एवढ्या अंतरात तिने काही नवं वाचलेलं नसतं, कुणाचं प्रवचन ऐकलेलं नसतं. फक्त ती फलाटावरून डब्यात आलेली असते. आपण ज्याला आपलं ठाम मत म्हणतो, ते पुष्कळदा आपण कुठे उभ्या आहोत याचं नुसतं वर्णन असतं.

आणि बसायला मिळालं, की मग विचारूच नका. रेल्वेच्या मालकीचं बाक दहा मिनिटांत वडिलोपार्जित होतं. दुसऱ्या वर्गाचा पास आपल्याला गाडीत चढू देतो. बसू देईन असं वचन तो देत नाही. तरी ‘मी पाण्याची बाटली काढायला जरा उठले, तेवढ्यात ती माझ्या सीटवर बसली!’ हे वाक्य अशा दुखावलेल्या आवाजात येतं, की रेल्वे मंत्रालयाने तत्काळ आपला मालकीहक्क मागे घ्यावा.

अशा जगात चौथी सीट टिकून आहे, याचं मला नवल वाटतं. लोकलचं बाक तिघांसाठी केलेलं. चौथ्या माणसाला बसू द्यावं असा नियम नाही. न दिल्यास टीसी दंड करत नाही. तरीही दुसऱ्या वर्गाच्या डब्यात विरारपासून चर्चगेटपर्यंत आणि कर्जत-कसाऱ्यापासून सीएसएमटीपर्यंत ही प्रथा चालते. मागण्याची पद्धतही ठरून गेलेली. बाकाच्या कडेला उभं राहायचं, हाताचा तळवा किंचित हलवायचा, फार तर ‘सरकून घ्या’ म्हणायचं. ‘कृपया’ नको, ‘आभारी आहे’ नको. तिघी सरकतात. किती? चार बोटं. चौथीची एक मांडी बाकावर, दुसरी हवेत, आणि पाऊल येणाऱ्याजाणाऱ्यांच्या टाचांखाली. त्रयस्थाने पाहिलं तर तो म्हणेल, ही बाई बसलेली नाही, हिला बाकाचा टेकू आहे. पण तिला विचारा. ती घरी फोन करून सांगते, ‘आज मिळाली बाई बसायला.’

सरकणाऱ्या तिघींपैकी कुणीही त्या क्षणी संत झालेली नसते. एकीच्या कपाळावर आठी असते. दुसरी मोबाईलमधली मान वर न काढता सरकते. तिसरी ‘आता काय खिडकीतून बाहेर जाऊ?’ असं पुटपुटते. पुटपुटते, पण सरकते. मला ही पुटपूट मोलाची वाटते. अध्यात्माच्या पुस्तकांत अहंकार गळून पडतो, विरून जातो, ज्योतीत ज्योत मिळते. लोकलमध्ये तो कुरकुरत चार बोटं सरकतो आणि तेवढ्याने कर्जतहून उभ्याने आलेल्या एका बाईचे गुडघे वाचतात. तो पुरता विरघळण्याची वाट बघत बसलो असतो, तर ती बिचारी अजून उभीच असती.

लेडीज डब्याने तर या सरकण्यावर एक अख्खी व्यवस्था उभी केली आहे. ती बाहेरच्यांना समजावून सांगणं कठीण, पण रोज ऐकू येणारा संवाद असा:

‘काकू, कुठे उतरणार?’

‘घाटकोपर.’

‘मग मी हं.’

‘नाही गं, त्या निळ्या ड्रेसवालीला सांगितलीय.’

‘मग तिच्यानंतर मी?’

‘ती व्हीटी.’

‘बरं, मग या समोरच्या मावशी कुठे?’

कागद नाही, पावती नाही, सही नाही. तरी निळ्या ड्रेसवालीचा हक्क सगळा डबा मानतो. मधेच दुसरी कुणी घुसली तर तिला ओळखतही नसलेल्या चारपाच जणी साक्ष द्यायला उभ्या राहतात. त्या उभ्याच असतात म्हणा. मैत्रिणींच्या घोळक्यात याहून पुढची सोय असते. ठाण्यापर्यंत तू बस, ठाण्यापासून मी. अर्धं अर्धं. घड्याळाकडे कुणी बघत नाही. ठाणं आलं, की बसलेली आपण होऊन उठते, आणि उठताना ‘आज पाय फार दुखतायत गं’ असं न म्हणण्याचा सभ्यपणाही दाखवते. बहुतेक वेळा.

हे सगळं निव्वळ परोपकारबुद्धीने चालतं, असं म्हणायचं धाडस मी करणार नाही. आज मी सरकते, कारण उद्या मी चौथी असेन. हिशेब सरळ आहे. पण त्यात एक मेख आहे. ज्या बाईसाठी मी आज सरकले, ती उद्या मला भेटणारच नाही. माझ्यासाठी उद्या जी सरकेल, तिचं मी काहीच लागत नाही. म्हणजे उसनं द्यायचं एकीला, वसूल करायचं भलतीकडून, आणि वहीत मात्र काहीच लिहायचं नाही. अशी उधारी गल्लीतल्या वाण्याने चालवली तर महिन्यात दुकानाला कुलूप लागेल. इथे ती पिढ्यान्‌पिढ्या चालली आहे. सामूहिक जाणीव असं भारदस्त नाव ज्याला देतात, ते बहुधा हेच असावं. प्रत्येकीला मनातून वाटत असतं की आपल्याकडे लोकांचं थोडं देणं निघतं. ज्या दिवशी बहुसंख्यांना आपलं येणंच बाकी आहे असं वाटू लागेल, त्या दिवशी चौथी सीट बंद होईल. त्यासाठी कुणाला ठराव करावा लागणार नाही.

काही वेळा तर हा देण्याघेण्याचा हिशेबही बाजूला पडतो. उभं राहायला जागा नाही अशा डब्यात एखादी मुलगी चक्कर येऊन कोसळते, आणि तिला आडवं करायला जागा होते. ती कुठून येते, हे भौतिकशास्त्राने एकदा सांगावं. कुणाची बाटली, कुणाचं ग्लुकोजचं बिस्कीट, कुणी तिच्या मोबाईलवरून ‘आई’ नावाचा नंबर शोधतं, कुणी ‘सकाळी काही खात नाहीत या मुली’ असं सगळ्या तरुण पिढीला उद्देशून बोलून घेतं. दादरला तिच्याबरोबर एक बाई उतरते. तिला उतरायचं होतं भायखळ्याला. लेट मार्क तिचा लागतो. तो लागला हे डब्यात कुणालाही कळत नाही, आणि ती बाईही ते संध्याकाळपर्यंत विसरते.

फर्स्ट क्लासमध्ये चौथी सीट मागायची सहसा रीत नाही. पास कितीतरी पट महाग. वरच्या पैशांत मिळतं काय, तर जरा मऊ गादी आणि न सरकण्याचा अधिकार. अहंकारालाही बाजारभाव असतो आणि तो तिमाही पासावर जरा स्वस्त पडतो, हे तिथे कळतं.

पण निव्वळ मोकळी जागा मिळून माणूस सुखी होतो, असंही नाही. मार्च २०२० मध्ये लोकल बंद पडली आणि जूनच्या मध्यावर ती फक्त अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी सुरू झाली. आमच्या इमारतीतली एक परिचारिका तेव्हा रोज मुंबईला जात असे. एक सोडून एक जागेवर फुली, डब्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या बायका. तिला म्हटलं, ‘चैन आहे बाई तुझी.’ म्हणाली, ‘पहिले दोन दिवस पाय पसरून बसले. तिसऱ्या दिवशी कुणाशी तरी भांडावंसं वाटायला लागलं.’ मला तिचं म्हणणं पटलं. आपण किती जागा व्यापतो, हे शेजारच्या कोपरामुळेच कळतं. कोपर लागणंच बंद झालं, की माणूस स्वतःला वाटेल तेवढा मोठा समजू शकतो.

आता दुसरी बाजू. ‘मी’ चार बोटं सरकला म्हणजे तो सुधारला, असं समजून गाफील राहण्यात अर्थ नाही. त्याची एक जुनी युक्ती आहे. तो ‘आम्ही’ होतो. लोकलमध्ये याला ग्रुप म्हणतात. ग्रुप ही मोठी गोड गोष्ट आहे, हे मी आधीच सांगून ठेवते. डब्यात वाढदिवसाचे केक कापले जातात, संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, दसऱ्याला हार-तोरणं लावून डब्याची पूजा होते. कुणाच्या मुलीच्या लग्नाच्या साड्यांचा रंग आठ जणींच्या बहुमताने ठरतो आणि मुलीला तो नंतर कळवला जातो. एखादीचा नवरा गेला, तर ती कामावर परतते त्या पहिल्या दिवशी तिला न विचारता खिडकी दिली जाते आणि कुणी काही बोलत नाही. हे मी नुसतं ऐकलेलं नाही, पाहिलेलं आहे.

पण हाच ग्रुप सहा जागांवर रुमाल, पर्स आणि जेवणाचा डबा टाकून ‘आमच्या येणार आहेत’ असं सांगतो. एकट्या बाईला जे म्हणायची लाज वाटली असती, ते सहाजणी मिळून अगदी सहज म्हणतात. पश्चिम रेल्वेवर विरार गाडीत बोरिवलीकराने चढू नये, त्याला त्याच्या गाड्या आहेत, हा दंडकही असाच ‘आम्ही’ने घातलेला. पुरुषांच्या डब्यातल्या भजनी मंडळांचंही तेच. टाळ, ढोलकी, खणखणीत आवाज. ऐकायला बरं वाटतं. पण कोपऱ्यात रात्रपाळी करून निघालेला कुणी डोळे मिटू बघत असेल, तर त्याने फिर्याद कुणाकडे न्यायची? समोर साक्षात विठ्ठलाचा पक्ष आहे.

‘आम्ही’मध्ये शिरलेला अहंकार ओळखणं महाकठीण, कारण तो अगदी निःस्वार्थी दिसतो. तो वर्गणी देतो, रात्री जागतो, घसा बसेपर्यंत घोषणा देतो आणि स्वतःसाठी काही मागत नाही. जात, भाषा, देश, गाव, झालंच तर सोसायटीची बी विंग, सगळीकडे त्याची ये-जा असते. बी विंगमधली कुणीही बाई ए विंगच्या कुणाही बाईचं पाणी तोडायचा विचार एकटीने करणार नाही. पण सभेत ‘आमच्या विंगवर अन्याय’ हे शब्द उच्चारले गेले, की टाकीच्या चावीवर दहा हात पडतात. मला या अहंकाराची एकच खूण सापडली आहे. जिथे ओळख नसलेल्या माणसाला जागा होते, तिथे जाणीव सामूहिक आहे. जिथे फक्त ‘आमच्यातल्या’ला होते, तिथे ‘मी’च आहे, नुसता वजनाने वाढलेला.

अनोळख्यांसाठी चौथी सीट मागत एक माणूस देशभर पायी फिरला होता. १८ एप्रिल १९५१ रोजी विनोबा भावे तेलंगणातल्या पोचमपल्लीत होते. जमिनीवरून त्या भागात रक्त सांडलेलं. गावातल्या भूमिहीन दलित कुटुंबांनी त्यांच्याकडे ८० एकर जमीन मागितली. विनोबांकडे गुंठाभरही नव्हती. त्यांनी जमलेल्या गावकऱ्यांनाच विचारलं, की कुणी देऊ शकेल का? रामचंद्र रेड्डी नावाच्या जमीनदाराने उठून १०० एकर देतो म्हणून सांगितलं. तिथून भूदान सुरू झालं. पुढे विनोबा जमीनवाल्यांना सांगत, तुम्हाला पाच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा वाटा द्या. हातात कायदा नाही, बंदूक नाही. बाकाच्या कडेला उभं राहून तळवा हलवणं, एवढंच. आणि मागणीसुद्धा सगळं सोडा अशी नाही, सहावा हिस्सा. पाच भाग तुमचे तुमच्याकडे राहू द्या. रायगड जिल्ह्यातल्या गागोद्यात जन्मलेल्या या माणसाने ब्रह्मविद्येचा ध्यास घेतला होता, पण लोकांशी बोलताना त्याने अहंकार विरघळवा असं न म्हणता, किती सरकायचं ते अपूर्णांकात सांगितलं.

लाखो एकर जमीन मिळाली. त्यातली पुष्कळ खडकाळ निघाली, काही कोर्टकज्ज्यांत अडकलेली होती, आणि बरीच शेवटपर्यंत वाटलीच गेली नाही. म्हणजे सरकल्यासारखं करून जागच्या जागी बसणारे तेव्हाही होते. लोकलमध्ये काही जणींनी या कलेत प्रावीण्य मिळवलं आहे. अंग हलतं, ओढणी सावरली जाते, पर्स या मांडीवरून त्या मांडीवर जाते, चेहऱ्यावर त्यागाची छटा येते, आणि बाकावर सुतभरही जागा होत नाही. वर ‘सरकले ना मी!’ हे आहेच.

विनोबांची गीतेवरची प्रवचनं १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात झाली. ती आपल्यापर्यंत पोचली, कारण त्याच तुरुंगात असलेल्या साने गुरुजींनी ती उतरून घेतली. स्वतः हाडाचा लेखक असलेल्या माणसाने दर रविवारी आपली लेखणी दुसऱ्याच्या वाक्यांना द्यायची, हीही सरकण्याचीच एक तऱ्हा. आम्हा लिहिणाऱ्या लोकांना विचाराल, तर त्यापेक्षा जमीन दिलेली परवडली.

तर प्रश्न सरकण्याच्या इच्छेचा आहेच, पण त्याहून जास्त आहे तो जागेच्या रचनेचा. एकदा बाकाकडे नीट बघा. चौथी बाई विनंती कुणाला करते? सर्वांत जवळच्या तिसरीला. तिसरी आधीच कडेवर. तिच्याकडे देण्यासारखं काही नसतं. ती दुसरीकडे बघते. दुसरी दोन्ही बाजूंनी दाबलेली. खरी जागा असते खिडकीतल्या पहिलीपाशी. डब्याची भिंत आणि तिची कंबर यांच्यामध्ये ती चार बोटं तिच्या पर्ससह निवांत बसलेली असतात. पण ‘सरकून घ्या’ तिच्यापर्यंत जाईतो विरून जातं. तिला वारा लागत असतो, कानांत गाणी असतात, बाहेर खाडी दिसत असते. ती दुष्ट नसते. आपल्याशी कुणी काही बोललंच नाही, असं तिला अगदी प्रामाणिकपणे वाटतं. आणि ती सरकली नाही, तर बाकीच्या दोघींच्या चांगुलपणाने जागा होत नाही; त्या दोघी नुसत्या चेंगरतात.

जगातली बहुतेक ‘सरका’ अशीच चुकीच्या माणसाला ऐकू येतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. रुळांवरून, कमरेइतक्या पाण्यातून लोक रात्रभर चालत होते. वाटेवरच्या लोकांनी घरं उघडली, चहा-बिस्किटं दिली, परक्या बायकांना घरात झोपवलं. हे सगळं खरं आहे आणि त्याचा अभिमान बाळगायला हरकत नाही. पण त्यानंतर ‘मुंबईचं स्पिरिट’ असं त्याचं जे कौतुक सुरू झालं, ते ऐकताना मला खिडकीतली आठवते. कडेच्या दोघी कशा छान सरकतात, असं ती मान न वळवता म्हणते आहे. शहरातून वाहणाऱ्या मिठी नदीला तिची बळकावलेली जागा द्यायची होती. ती सरकायची पाळी काही चहा देणाऱ्यांची नव्हती.

९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळच्या वळणावर शेजारून जाणाऱ्या दोन गाड्यांच्या दारांतले प्रवासी खाली पडले. त्यांतले काही घरी परत गेले नाहीत. दारात लटकू नये, हे लटकणाऱ्याला ठाऊक नसतं असं नाही. ठाण्याला मागून येणारी ‘रिकामी’ गाडी खरोखर रिकामी असती, तर तो लटकला नसता. वैयक्तिक जबाबदारीचा उपदेश दारातल्या माणसाला करणं सोपं, कारण तो समोर दिसतो. घरं कल्याण-बदलापूर-विरारच्या पुढे जाऊ देणारे, ऑफिसं मात्र होती तिथेच ठेवणारे आणि गाड्यांची संख्या कागदावर ठरवणारे दूर बसलेले असतात. तिथे वाराही चांगला येतो.

इथपर्यंत आलं की माझ्यासह सगळ्यांना बरं वाटू लागतं. खिडकीतले सापडले, ते सरकार आहे, रेल्वे आहे, बिल्डर आहेत. आपण सुटलो. पण खिडकी नेहमी दुसऱ्याच्या नावावर लावता येत नाही. डब्यात कडेवर अर्ध्या मांडीने बसणारी बाई ऑफिसात पोचली, की विभागप्रमुख होते आणि साडेपाचची मीटिंग लावते. बदलापूरची मुलगी सहा-वीसची गाडी चुकणार म्हणून मान खाली घालते. ही वाट बघते की तिने हात वर करून सांगावं. ती कशाला सांगेल? ऑफिसात दिवसभर सासूसारखी वाटणारी हीच बाई घरी गेल्यावर सुनेच्या भूमिकेत पुन्हा कडेवर येते. एकाच दिवसात एकच माणूस तीनदा कडेला असतो आणि दोनदा खिडकीत. कडेला असलेले तास आपल्याला नेमके आठवतात, कारण तेव्हा पाय दुखतात. खिडकीतल्या तासांची आठवण राहत नाही; ते सुखात गेलेले असतात.

म्हणून आपण कुठे बसलो आहोत, हे ओळखण्याची एक साधी खूण मी मनाशी धरली आहे. जिथे दिवसेंदिवस आपल्याला कुणीही ‘सरका’ म्हणत नाही, तिथे आपण सर्वांच्या मर्जीतले आहोत असं समजू नये. तिथे आपण बहुधा खिडकीत बसलेलो असतो आणि आवाज पोचत नसतो. वैयक्तिक जबाबदारी म्हणजे मला एवढंच कळतं, की अशा जागी कुणी म्हणण्याआधी कानातली गाणी काढावीत, मान आत वळवावी आणि पर्स मांडीवर घ्यावी. सामूहिक चेतनेबद्दल परिसंवाद भरतात तेव्हा एखाद्या दिवशी सगळ्यांच्या मनात एकदम प्रकाश पडेल, अशी आशा व्यक्त केली जाते. तसं होईल तेव्हा होवो. तोवर सुरुवात खिडकीकडून व्हावी. मधल्या आणि कडेच्या सरकतातच. त्यांचा त्यात जन्म गेला आहे.